लक्कव्वाचा माळ

तलाठ्याची खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हे. माझ्या खुर्चीचा तर एक पाय दुसऱ्याच लाकडाचा होता. तरीही त्या खुर्चीवरून मला उठवणारी माणसं साऱ्या नोकरीत दोनच निघाली. एक मामलेदार, त्यांच्यासाठी उठायचा नियमच होता. दुसरी लक्कव्वा. ती चावडीच्या आत कधी येत नसे. उंबऱ्यावर बसायची, पाठ चौकटीला, तोंड रस्त्याकडे, आणि बोलणं आत माझ्याशी. तिचं काम करायचं तर मलाच कागद घेऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसावं लागे.

"आत या की," मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

"आत आलं की मानूस हळू बोलतंय," ती म्हणाली. "मला हळू बोलाय येत न्हाय."

हे अगदी खरं होतं. आयुष्यभर माळावर मेंढरं राखलेली बाई. तिचा आवाज अर्धा मैल लांबच्या चुकार मेंढराला परत आणण्यासाठी तयार झालेला होता, आणि तोच आवाज ती सात-बाराचा उतारा मागायलाही वापरायची. चावडीतल्या बाकीच्या लोकांची कामं मग आपोआप थांबत. सगळेच ऐकत बसत.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटली होती तेव्हा माझी बदली कुरनाळीला झाली. मंद्रूपच्या पुढं, जिथं निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि भांडायला मराठी वापरतं, असं ते गाव. मी वैरागचा, नवं लग्न झालेला, नोकरीत कायम होऊन वर्षच झालेलं. गावात पाय ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी लक्कव्वा उंबऱ्यावर हजर. अंगापिंडानं उंच, उन्हानं भाजून निघालेली, कपाळावर गोंदण, खांद्यावर काळं घोंगडं. वैशाखात सुद्धा घोंगडं. मी विचारलं, उकडत नाही का? तर म्हणाली, "ऊन भायेर ऱ्हातंय की." कमरेला पान-तंबाखूची चंची, आणि हातात कुठल्याशा खात्याकडून आलेला घडी घातलेला कागद.

"वाच," ती म्हणाली.

मी भराभर वाचला. आम्हांला तशी सवयच असते.

"आता पुन्यांदा वाच. हे सरकारवानी वाचलास. आता मानसावानी वाच."

म्हणजे हळू, थांबत थांबत, आणि अवघड शब्दापाशी त्याचा अर्थ सांगत. लक्कव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोनदा वाचल्याशिवाय तिचा अंगठा कुठल्याही कागदावर उठत नसे. अंगठा उठवल्यावर शाई ती चावडीच्या भिंतीला पुसायची. मी रागावलो तर म्हणायची, "आसू दे की. सरकारची शाई, सरकारची भित." तिच्या या वाचायला लावण्यामुळं मला एक गोष्ट कळली, ती सांगायला आज लाज वाटत नाही. मी सही केलेल्या कित्येक कागदांचा अर्थ मला स्वतःलाच तोवर ठाऊक नव्हता.

तिचे सगळे अर्ज एकाच गोष्टीबद्दल असत. गावाच्या दक्षिणेला गायरान होतं. गाव त्याला माळ म्हणायचं. ट्रॅक्टरनं माळाची कड नांगरली, म्हणून अर्ज. मुरूम नेणाऱ्या गाड्यांनी नवी वाट पाडली, म्हणून अर्ज. सोलापुरातनं कोणी बंदूकवाले जीप घेऊन आले, त्याचा अर्ज. मला वाटायचं, या म्हातारीला दुसरं काही काम नाही का? माळ म्हणजे काय, दगड आणि कुसळं. झाड म्हणून शपथेला नाही. पण तिचा हिशेब सरळ होता आणि तो ती कोणालाही ऐकवायची.

"माळ हाय तवर मेंढरं हायती. मेंढरं हायती तवर मी हितं हाय. माळ गेला की मी श्रीपूरला."

श्रीपूरला तिचा एकुलता एक मुलगा, बिरू, साखर कारखान्यात लागला होता. त्याला कारखान्याची खोली मिळाली होती, आणि मेंढरं विकून इकडं ये म्हणून तो सारखा निरोप पाठवायचा. चांगला मुलगा होता, आईची काळजी होती त्याला. लक्कव्वा एकदा जाऊनही आली. चार दिवसांत परत. मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाय. सून चांगली हाय. पोरं चांगली हायती. मळीच्या वासानं झोप येत न्हाय." मग नेहमीपेक्षा पुष्कळच हळू म्हणाली, "तितं मला काय बी करू देत न्हाईत रं."

माळावर तिचं पहारेकऱ्यासारखं लक्ष असायचं, आणि तिचं सगळ्यात मोठं भांडण गावातल्या बायकांशी होतं. जळणासाठी बायका माळावरची बोरीची, तरवडाची, हिवराची झुडपं तोडून न्यायच्या. झुडूप गेलं की त्याच्या आडोशाचं गवत जातं, गवत गेलं की माती जाते, असं लक्कव्वाचं म्हणणं. काठी घेऊन ती बायकांच्या मागं धावायची. गुरुबसप्पा नावाचे एक जुने शेतकरी होते, त्यांची सून एकदा मोळी बांधताना सापडली. लक्कव्वानं काठी उगारली, तर सून जागची हलली नाही. म्हणाली, "अव्वा, मग चुलीत काय तुझी काठी घालू?"

लक्कव्वानं काठी खाली घेतली. त्या दिवशी ती उंबऱ्यावर येऊन बसली ती घोंगड्याचे धागेच उपसत राहिली. मला वाटलं, बरं नाही की काय. शेवटी म्हणाली, "तिचं बराबर हाय. चूल तर पेटाय पायजे." रेशनच्या दुकानात रॉकेलसाठी डबे रांगेत लावून ठेवायचे दिवस होते ते. बायका जळण आणणार नाहीत तर काय करणार?

याचं उत्तर तिला सोलापुरात मिळालं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत; तिला तिथं गड्डा म्हणतात. मीही त्या दिवशी बायकोला जत्रा दाखवायला गेलो होतो. पाळणे, भांड्यांची दुकानं आणि त्यांच्या पलीकडं शेतीचं प्रदर्शन. तिथं एका तंबूपुढं ही गर्दी, आणि गर्दीच्या आतून माझ्या ओळखीचा आवाज. आमच्या कुटुंबानं तेव्हाच माझा हात धरून मागं ओढलं. ती वैरागहून नुकतीच आली होती, लक्कव्वाला तिनं अजून पाहिलं नव्हतं. आवाज ऐकून तिला वाटलं, भांडण लागलंय.

भांडण नव्हतं. तंबूत गोबरगॅसची शेगडी मांडली होती आणि एक तरुण कारागीर सकाळपासून तिच्यावर लोकांना चहा करून दाखवत होता. लक्कव्वा त्याला म्हणत होती, "च्या काय, उनात ठिवला तरी तापतो. भाकरी भाजून दाव."

"आजी, पीठ नाही माझ्याकडं."

"मी आनते. तू जाळ इजवू नगंस."

आणि तिनं खरंच आणलं. जत्रेत ज्वारीचं पीठ कुठं मिळवलं ते सिद्धेश्वरालाच माहीत. भांड्याच्या दुकानातून परात आणि तवा मागून आणला. दुकानदार कपाळाला हात लावून मागोमाग आला होता. लक्कव्वानं तंबूतच मांडी ठोकली आणि भाकरी थापली. दीडशे-दोनशे लोक श्वास रोखून बघताहेत. सोलापूरचा माणूस बाकी कशात नसेल एवढा भाकरीच्या बाबतीत जाणकार. भाकरी तव्यावरून जाळावर गेली आणि टम्म फुगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. लक्कव्वानं अर्धी भाकरी मोडून कारागिराला दिली. "खा. सकाळधरनं नुसता च्यावर हायस."

दुकानदाराचा तवा मात्र वापरलेला झाला. तो तिनं विकत घेतला आणि मी कुरनाळीत होतो तोवर तरी रोज वापरला.

त्यानंतर तिच्या अर्जांत भर पडली. माळाचा अर्ज आणि गोबरगॅसचा अर्ज, एका आड एक. पंचायत समितीतले साहेब सुरुवातीला हसले, पण त्यांनाही कुठंतरी यंत्र बसवून दाखवायचं होतंच. फॉर्म भरायला एक विस्तार अधिकारी आले. त्यांनी विचारलं, "जनावरं किती?" लक्कव्वा म्हणाली, "दीडशे." साहेब इतके खूश झाले की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. एवढी गुरं असलेलं घर त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. आणि मेंढराला जनावर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हा प्रश्न लक्कव्वाला पडायचं कारणच नव्हतं. तिच्या घरात सात पिढ्यांत गाय नव्हती.

खड्डा झाला, बांधकाम झालं, वर लोखंडी टोपी बसली. लक्कव्वानं मोठ्या हौसेनं दीडशे मेंढरांच्या लेंड्या पाट्या भरभरून आत ओतल्या. वर पाणी घातलं. नारळ फोडला. मग सगळं गाव गॅस यायची वाट बघत बसलं. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. लेंड्या काही बुडेनात. वर तरंगत राहिल्या, घट्ट, कोरड्या, ताठ. गॅस म्हणाल तर काडी पेटवून बघायलाही नाही. गावानं त्या खड्ड्याला नावच पाडलं, लक्कव्वाचं लोणचं. येता-जाता लोक विचारायचे, "अव्वा, लोनचं मुरलं का?"

आमच्यासारखा असता तर महिनाभर घराबाहेर पडला नसता. ती पडली. अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं आणि चूक कुठं झाली ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. यंत्राला गाई-म्हशीचं शेण लागतं, पाण्यात कालवून. मग कमरेला पदर खोचून खड्ड्यात उतरली आणि तरंगणाऱ्या लेंड्या पाटीनं उपसून काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर लेंड्यांची पाटी घेऊन गुरुबसप्पांच्या दारात उभी.

"लेंडी घ्या, शेन द्या. पाटीला पाटी."

लेंडीखत म्हणजे शेतकऱ्याचा जीव की प्राण. कोण नाही म्हणेल? महिन्याभरात गावातली आठ-दहा घरं तिला रोज शेण घालू लागली. त्या घरांच्या बायका शेणाची पाटी घेऊन यायच्या, आणि आल्यासरशी शेगडी बघायच्या. निळा जाळ, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. गुरुबसप्पांच्या सुनेनं पहिल्यांदा त्यावर भाकरी भाजली तेव्हा ती रडायलाच लागली. धुराशिवाय रडणारी चुलीपुढची बाई मी पहिल्यांदा पाहिली, असं मी गमतीनं बायकोला सांगितलं. ती हसली नाही. आमच्या घरात अजून चूलच होती.

वर्षाच्या आत कुरनाळीत चार यंत्रं झाली. माळावरच्या बोरी पुन्हा वाढायला लागल्या. लक्कव्वा आता काठी विसरून जायची.

इतक्यात ती योजना आली.

एका खात्यानं ठरवलं की तालुक्यातल्या पडीक जमिनींवर निलगिरी लावायची. माळ नांगरायचा, चर खणायचे, तारेचं कुंपण घालायचं, आणि वीस वर्षं आत मेंढरू जाऊ द्यायचं नाही. झाडं लावायला नको कोण म्हणेल? सरपंचांना रोजगार दिसत होता, पुढं लाकूड दिसत होतं. त्यात वाईट काही नव्हतं. आणि लक्कव्वानं विरोध केला तेव्हा लोकांनाही ते चमत्कारिकच वाटलं. झाडांची वैरीण म्हणू लागले तिला. जिनं एका बोरीच्या झुडपासाठी निम्म्या गावाशी वैर घेतलं होतं, तिला!

योजनेचा कागद घेऊन ती आली. मी एकदा सरकारवानी वाचला. मग माणसावानी वाचायला लागलो आणि तिसऱ्याच ओळीला अडलो. तिथं लिहिलं होतं, "स्थानिक तलाठी यांच्या अहवालानुसार सदर जमीन पडीक व निरुपयोगी आहे." तो अहवाल मी चार महिन्यांपूर्वी दिला होता. खुर्चीत बसून, माळावर पाऊल न टाकता. उंटावरून शेळ्या हाकतात तशा मी मेंढ्या हाकल्या होत्या.

मला ते वाक्य गिळता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. पण माझं वाचणं थांबलं होतं, आणि थांबलेलं वाचणं तिला बरोब्बर कळायचं.

"फुडं?"

मी वाचलं. खाली मान घालून. वाटलं, आता सगळी चावडी डोक्यावर घेणार. तिनं चंची काढली, तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"उद्या पाटं चल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या मागून माळ चालू लागलो. तीन तास. ती चालता चालता वाकायची, एक काडी उपटायची, माझ्या हातात द्यायची. ही पवन्या. हे मारवेल, ह्यावर दूध वाढतंय. ही कुसळी, कवळी आसताना मेंढरू खातंय, वाळली की लोकरीत घुसतीय. हितं पानी मुरतंय, खाली गावची हीर हाय. माझ्या हातात गवताची जुडी झाली आणि मला त्यातलं एकही नाव आधी माहीत नव्हतं. मग एका ठिकाणी तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. लांब, गवताच्या वर, एक मान. माणसाच्या कमरेएवढा पक्षी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा, सावकाश पावलं टाकत चाललेला. माळढोक. तिथले धनगर त्याला हूम म्हणतात. आम्ही कितीतरी वेळ तसेच बसलो. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी कबूल करतो.

त्या संध्याकाळी मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला चुकला असं सरळ लिहिलं. गायरान चराऊ आहे, वापरात आहे, जळणाचा प्रश्न गावानं गोबरगॅसनं सोडवत आणला आहे, सगळं लिहिलं. सोबत लक्कव्वाचा विरोधाचा अर्ज जोडला, त्यात त्या पक्ष्याचंही तिनं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. पाठवण्याआधी पाकीट दोनदा उघडून पुन्हा वाचलं, कारण कायम झालेली नोकरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. वरून शेरा आला नाही, शाबासकीही नाही. फक्त एक साहेब जीपमधून पाहणीला आले.

साहेब सज्जन होते. म्हणाले, "बाई, तुम्ही अर्जात लिहिलंय इथं दुर्मिळ पक्षी आहे, अंडी घालतो. ती जागा दाखवा. मी स्वतः लिहून नेतो, तुमचं काम होईल."

एवढं सोपं. मी लक्कव्वाकडं बघितलं. ती जीपकडं बघत होती.

"दावनार न्हाय," ती म्हणाली.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे."

"तुमी चांगलं हायसा. तुमच्या मागनं दुसरी जीप येती, बंदूकवाल्यांची. मी सांगती ते लिवा. न्हाय लिवायचं, नगा लिवू."

साहेबांनी लिहिलं, पक्षी आढळला नाही. मी लक्कव्वावर चिडलो. इतका चिडलो की पहिल्यांदाच तिच्याशी मोठ्यानं बोललो. म्हणालो, हातातलं काम घालवलंत, आता जा श्रीपूरला! ती उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. बोललो ते बोललो, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही मला.

आता सगळं ग्रामसभेवर आलं. गायरान द्यायचं तर गावाचा ठराव हवा होता. सभा वैशाखात. आणि चैत्र-वैशाख म्हणजे शेतात मेंढरं बसवायचे दिवस. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. पेरणीच्या आधी शेतकरी धनगराला बोलावतो, कळप चार-आठ दिवस त्याच्या रानात बसतो, लेंडी-मुताचं खत रानाला मिळतं, आणि बदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो. त्या धान्यावर धनगराचा पावसाळा निघतो.

त्या वर्षी गुरुबसप्पा बोलावणं घेऊन गेले तर लक्कव्वा म्हणाली, "बसवती. पर औंदा धान्य नगं."

"मग?"

"गिरामसभेत हात वर करायचा."

गावातली इतर पाच-सहा धनगर घरंही तिच्यामागं उभी राहिली. कशी राहिली कोणास ठाऊक. घरात पोरंबाळं असलेली माणसं ती. रानोमाळ कळप बसले आणि एकाही घरानं पायलीभर ज्वारी घेतली नाही. एका बाईनं न राहवून भाकरी नेऊन दिली, तर लक्कव्वानं ती खाल्ली. "ही भाकर हाय. धान्य न्हवं," म्हणाली. सरपंचांच्या रानातही कळप बसला. मी विचारलं, तिथं कशाला? तर म्हणाली, "त्यांच्या रानानं काय पाप केलंय?"

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. पुरुष पुढं, बायका देवळाच्या भिंतीमागं, आणि लक्कव्वा सवयीप्रमाणं पायरीवर, ना आत ना बाहेर. मी लिहायला बसलो होतो. सरपंच चांगलं बोलले. झाडं, सावली, मजुरी. मग म्हणाले, "गायरान देऊ नये असं कुणाचं म्हननं आसंल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

शब्द दिलेली माणसं होती ती. पण सरपंचांचं पाणी, सरपंचांची सोसायटी, पोराची शाळेतली नोकरी. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडं बघत होता. मी लक्कव्वाकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात भिंतीमागून गुरुबसप्पांच्या सुनेचा आवाज आला. सगळ्या सभेत ऐकू जाईल असा. "मामंजी, आठ दिस मेंढरं बसली आपल्या रानात. धान्य दिलं न्हाय आपन. उद्या शेन घिऊन त्या बाईच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

सासऱ्याला सभेत सुनेनं बोलणं म्हणजे काय, हे त्या काळात ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. म्हातारे गुरुबसप्पा लाल झाले. मला वाटलं, उठून घरी जातात आता. ते उठले खरे. काठीवर भार देऊन उभे राहिले आणि हात वर केला. "व्हय," म्हणाले, "फुकटचं खत न्हाय घालनार मी रानात." कोणीतरी हसलं. मग एक हात, मग दोन, मग मला मोजता येईनात म्हणून मी सगळ्यांना हात वरच ठेवायला सांगितलं. सरपंचांनी इकडंतिकडं बघितलं, गोंधळले, आणि मग त्यांनीही हसून आपला हात वर केला. माणूस हुशार होता. मी ठराव लिहून घेतला तेव्हा माझं अक्षर इतकं वाईट आलं की पुन्हा लिहावं लागलं.

पण ठराव म्हणजे निकाल नव्हे. सरकारी काम आणि सहा महिने थांब. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. योजनेसाठी माळावर रोवलेले, चुन्यानं रंगवलेले खुणेचे दगड तसेच होते. कोणी म्हणे ट्रॅक्टर निघालेत, कोणी म्हणे रोपं आलीत. लक्कव्वा रोज उंबऱ्यावर येऊन बसायची आणि काही विचारायची नाही. तिचं ते न विचारणं मला जास्त जड जायचं.

श्रावण सरता सरता एका दुपारी टपाल आलं. मी पाकीट उभ्यानंच फोडलं. गावाचा ठराव आणि तलाठ्याचा फेरअहवाल विचारात घेऊन कुरनाळीचं गायरान योजनेतून वगळलं होतं. एवढंच. दोन ओळी. मी चावडीला कुलूप लावायला विसरलो आणि सायकल काढली.

त्या दुपारी माळावर झालं तेच तिचं मला शेवटचं दर्शन. त्यानंतर अर्ज उरले नाहीत म्हणून ती चावडीवर आली नाही, पंधरवड्यातच माझी बार्शीकडं बदली झाली, आणि निघायच्या दिवशी ती लांब माळावर होती, भेट झाली नाही.

माळ त्या दिवशी गुडघ्याएवढा हिरवा होता. लक्कव्वा कळपाच्या मधोमध उभी होती. मी सायकल टाकून दिली आणि लांबूनच ओरडलो, "अव्वा, माळ ऱ्हायला!" तिनं कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो. तेव्हा ती होती तिथंच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिचं रडणंही तिच्या बोलण्यासारखंच. सारा कळप मान वर करून तिच्याकडं बघायला लागला. मी घाबरलो. जवळ जाऊन काय करावं कळेना, म्हणून मीही शेजारी बसलो. माझेही डोळे भरले होते, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं इतकं हलकं वाटत होतं की हसूही येत होतं.

जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आज मंद्रूपचा बाजार न्हवं?"

"व्हय."

"मैबूबभाई आसंल बाजारात. मेंढरांचा येपारी. त्याला जाऊन सांग, उद्या गाडी घिऊन येऊ नगं."

मला क्षणभर कळेना. मग तिनं सांगितलं. बिरूला तिनं शब्द दिला होता, श्रावण सरायच्या आत निकाल लागला नाही तर मेंढरं विकून श्रीपूरला येते. व्यापारी ठरला होता, दिवस ठरला होता. उद्याचा. उंबऱ्यावर रोज बसून तिनं हे आम्हांला कोणाला कळू दिलं नव्हतं.

"अव्वा! एका शब्दानं बोलल्या असतात तर!"

"तू काय केलं आसतंस? पोस्टात जाऊन बसला आसतास?" ती उठून उभी राहिली होती. "जा की आता! बसलास काय? त्यो दीस मावळायच्या आत उठतो बाजारातनं. पळ!"

मी पळालो. सायकल उचलली, टांग टाकली आणि माळाच्या उतारावरून सुटलो. दगडांवरून सायकल उडत होती, खिशातला कागद फडफडत होता, आणि तरीही मी पायडल मारतच होतो. मागून तिचा आवाज आला. मी वळून बघितलं. कळप तिच्यापासून पांगत पार क्षितिजापर्यंत निवांत चरत गेला होता, आणि ती दोन्ही हात उंच करून मला ओरडून सांगत होती,

"अरं हळू जा की! पडशील!"